खुनी कोण, हे शेवटच्या पानावर कळलंच पाहिजे का?

खूनखटल्यांच्या कादंबऱ्यांना नाशिकमध्ये वाचक कमी नाहीत. इंग्रजीतून अनुवाद होऊन आलेले जाडजूड ग्रंथ आहेत, त्यांच्या वाटेने गेलेल्या मराठी कादंबऱ्या आहेत, आणि आता तर गाडी चालवताना कानाला लावून ऐकायच्या मालिकाही आहेत. मी हे सगळं आवडीने वाचत आणि ऐकत आले आहे. त्यामुळे हा लेख रहस्यकादंबरीला नाकं मुरडण्यासाठी लिहिलेला नाही. या प्रकारातला चांगला लेखक वाचकाला तीन-चारशे पानं जागेवर बसवून ठेवतो, आणि ते कसब साधं नाही.

माझी तक्रार एकच आहे, पण ती मला गंभीर वाटते. या कादंबऱ्यांत शेवटच्या दहा पानांत खरा खुनी सापडतो. सापडतोच. पिंजऱ्यात उभा असलेला निरपराध असतो, वकील उलटतपासात एक भलताच प्रश्न टाकतो, साक्षीदाराला घाम फुटतो आणि खुनी उघडा पडतो. किंवा याच्या बरोबर उलट : आरोपी सुटतो, आणि न्यायालयाच्या पायऱ्या उतरताना त्याच्या ओठावरचं हसू आपल्याला सांगतं की खून यानेच केला होता. दोन्हीकडे वाचकाला सत्य कळतं. न्यायालयाला कळो न कळो, आपल्याला कळतंच.

हे इतकं अंगवळणी पडलं आहे की खऱ्या खटल्याकडूनही आपण तेच मागतो. खऱ्या न्यायालयापुढे खुनी शोधण्याचं काम नसतंच. समोर उभ्या केलेल्या माणसावरचा आरोप समोर आलेल्या पुराव्याने संशयापलीकडे शाबीत होतो का, एवढंच त्याला ठरवायचं असतं. होत नसेल तर त्या माणसाला सोडायचं, मग खरा खुनी कधी कळो वा न कळो. कायद्याचा हा पहिला धडा आपल्यातल्या बहुतेकांच्या मनात उतरलेलाच नाही. म्हणून कुठल्याही खटल्यात आरोपी सुटला की टपरीपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत एकच निदान होतं : मॅनेज केलं असणार.

नाशिकच्याच न्यायालयातला एक खटला घ्या. ५ जून २००३ च्या रात्री झोपडीत राहणाऱ्या एका कुटुंबावर दरोडा पडला. पाच जणांचा खून झाला, बायकांवर अत्याचार झाले. घरातली एक स्त्री आणि तिचा मुलगा वाचले, आणि पुढे तेच प्रमुख साक्षीदार ठरले. भटक्या जमातीतले सहा गरीब मजूर आरोपी झाले. जून २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि उरलेल्या तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशीच दिली. तीन पायऱ्या झाल्या, निकाल पक्का झाला, लोकांच्या लेखी विषय संपला.

मग फेरविचाराच्या अर्जावर सगळं पुन्हा उघडलं गेलं. ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. कारण काय निघालं? वाचलेल्या त्या स्त्रीने घटनेनंतर लगेचच, पोलिसांकडच्या गुन्हेगारांच्या फोटोंमधून चार वेगळ्याच माणसांना ओळखलं होतं. त्या चौघांवर खटला भरला गेला नाही आणि अभियोग पक्षाने ही गोष्ट न्यायालयापुढे येऊ दिली नाही. तपास निःपक्ष झाला नव्हता, असं न्यायालयाने स्पष्ट म्हटलं, प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली आणि चूक करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं. तोवर सोळा वर्षं गेली होती.

आता हाच मजकूर ठरावीक साच्यातल्या लेखकाच्या हाती द्या. तो शेवटच्या प्रकरणात ते चार जण धरून आणेल, त्यातल्या एकाला कोणातरी बड्याचा भाचा करील आणि वाचकाला समाधान देऊन पुस्तक मिटवील. खऱ्या निकालात तसलं काही नाही. त्या पाच जणांना कोणी मारलं, याचं उत्तर त्या निकालात नाही. मला वाटतं, माणसाला रात्रभर झोप येऊ नये अशी गोष्ट इथेच आहे. सहा जण फाशीच्या छायेत जगले, एका घरातली पाच माणसं गेली, आणि या दोन्ही अन्यायांच्या मध्ये त्या स्त्रीने केलेल्या ओळखीचा एक कागद होता. तो वेळेवर कोणी वाचला नाही, किंवा वाचू दिला नाही. याहून मोठं रहस्य कोणता लेखक रचणार आहे?

मराठी लेखकांनी इंग्रजीतला जो साचा उचलला, तो मुळात ज्यूरीच्या न्यायालयाचा आहे. तिकडे वकील बारा सामान्य माणसांशी बोलत असतो. त्यांना हलवायचं, रडवायचं, त्यांच्या मनात एकाएकी शंका पेरायची, म्हणून तिथे आवाजाला आणि नाट्याला किंमत. आपल्याकडेही ज्यूरी होती. १९५९ च्या नानावटी खटल्यात, म्हणजे नौदलातल्या एका अधिकाऱ्यावरच्या खुनाच्या खटल्यात, मुंबईतल्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने आरोपी दोषी नाही असं सांगितलं, सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, शिक्षा झाली आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला जागाच राहिली नाही. आज सत्र न्यायालयात एक न्यायाधीश असतो, तो पुरावा ऐकतो आणि कारणं लिहून निकाल देतो. फाशी दिली तरी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय ती अमलात येत नाही. आपल्या कादंबऱ्यांतले वकील मात्र अजून 'मिलॉर्ड' म्हणत टाळ्यांची भाषणं ठोकतात. ती ऐकायला तिथे कोणी बसलेलंच नसतं.

मग आपल्या न्यायालयात नाट्य कुठे असतं? ते असतं नोंदीत. साक्षीदार पिंजऱ्यात येतो, शपथ घेतो. आरोपीचे वकील विचारतात, "घटनेच्या वेळी तुम्ही घरी नव्हताच ना?" साक्षीदार बावरतो. "तसं नाही साहेब. होतो. पण मागं गोठ्यात होतो, गुरांना पाणी दाखवत होतो, तेवढ्यात आवाज आला म्हणून पळत आलो, तर..." न्यायाधीश हात वर करून थांबवतात आणि टंकलेखकाला मजकूर सांगतात : "हे म्हणणे खरे नाही की, मी घटनेच्या वेळी घरी हजर नव्हतो." झालं. गोठा गेला, गुरं गेली, पाणी गेलं, पळत येणं गेलं. अपिलात वरच्या न्यायालयापुढे हेच एक वाक्य जातं, तेही बहुधा इंग्रजीत उतरून. गोठ्यातून घराचं दार दिसतं का, हा कदाचित त्या खटल्यातला सगळ्यात मोलाचा प्रश्न होता. यात न्यायाधीशांचा दोष मी काढत नाही. त्यांच्यापुढे त्या दिवशीच्या फलकावर कितीतरी प्रकरणं असतात, आणि साक्ष आटोपशीर नोंदवणं हे त्यांचं कामच आहे. पण माणूस बोलला काय आणि कागदावर उतरलं काय, या फटीत कादंबरीकाराने शिरावं असं मला फार वाटतं. जिल्हा न्यायालयाचं हे काम मराठीत चालतं, त्यामुळे ती फट मराठी लेखकाला जितकी दिसेल तितकी दुसऱ्या कोणाला दिसणार नाही.

मुद्देमालाचंही तसंच. कादंबरीत रक्ताने माखलेला शर्ट सापडला की पुरावा झाला. खटल्यात तिथून प्रश्न सुरू होतात. शर्ट जप्त करताना पंच कोण होते? पुडक्यावर लेबल लावून त्यावर सह्या घेतल्या का? लाखेचं सील त्याच वेळी लावलं की पोलीस ठाण्यात गेल्यावर? किती दिवस ते पुडकं ठाण्यातच पडून होतं? नाशिकच्या प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळेत पोचलं तेव्हा सील शाबूत होतं का? मग पंच साक्षीला येतो आणि सांगतो, "सही माझी आहे. मजकूर मला वाचून दाखवला नव्हता." या एका वाक्याने महिनोन्‌महिन्यांचं काम डळमळतं. त्याने असं का सांगितलं असेल? कोणी दमदाटी केली असेल, गावात तोंड दाखवायचं असेल, किंवा खरोखरच कोऱ्या कागदावर सही घेतली असेल. एका पंचावर पूर्ण कादंबरी होईल. आपल्याकडे मात्र पंच म्हणजे कथेतला नाव नसलेला माणूस.

कबुलीजबाबाचा तर कादंबऱ्यांनी फार वाईट गैरसमज करून ठेवला आहे. इन्स्पेक्टर बंद खोलीत दोन ठेवून देतो, आरोपी कबूल करतो, आणि वाचकाच्या मनात खटला तिथेच संपतो. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष अधिनियमातही आहे. आरोपीने सांगितल्यावरून खरोखर काही वस्तू सापडली, तर तेवढ्यापुरता भाग ग्राह्य धरतात. इंग्रजांनीसुद्धा हा नियम केला, कारण कोठडीत कबुली कशी निघते हे त्यांना ठाऊक होतं. आपण मात्र पडद्यावर आणि पानापानांवर त्याच कबुलीला टाळ्या वाजवतो.

नाशिककराला खुनाचा खटला म्हटला की आधी जॅक्सन आठवतो. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर सतरा-अठरा वर्षांच्या अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. खुनी कोण हा प्रश्नच नव्हता, भरल्या नाट्यगृहाने त्यांना पाहिलं होतं. तरी त्या खटल्यात जी ओढ आहे ती आजही कमी होत नाही. पिस्तूल कुठून आलं, कोणी दिलं, कोणाला माहीत होतं, साथीदारांपैकी कोण फुटलं, या प्रश्नांचा माग नाशिकच्या गल्ल्यांमधून थेट लंडनपर्यंत गेला. रहस्यकथेला खुन्याचं नाव लपवूनच ठेवावं लागतं असं नाही, याचं एवढं चांगलं उदाहरण आपल्याच गावात आहे. आणखी एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. गोळी झाडल्यापासून चार महिन्यांच्या आत. परकीय सरकारने १९०८ मध्ये खास कायदा करून अशा खटल्यांतून ज्यूरी काढून टाकली होती. आज एखादी भीषण घटना घडली की 'महिनाभरात फाशी द्या' अशा घोषणा देत मोर्चे निघतात. त्या मोर्चातल्या माणसांचा राग मला कळतो, पण वेग हा न्यायाचा पुरावा कधीच नव्हता, हे नाशिकने तरी विसरू नये.

पुण्याच्या शरद सारडा खटल्याचा १९८४ चा निकाल मी कादंबरी लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाला वाचायला सांगेन. नवविवाहित मुलगी विषाने मेली. खून की आत्महत्या, हा प्रश्न. तिने माहेरी आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं हा पुराव्याचा गाभा. पुण्याच्या न्यायालयाने नवऱ्याला फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं. तेच शब्द, तीच शाई, आणि तीन न्यायालयांनी केलेलं वेगवेगळं वाचन. याच निकालात न्यायालयाने परिस्थितिजन्य पुराव्याची पाच तत्त्वं सांगितली आणि त्यांना पंचशील म्हटलं. सिद्ध झालेल्या गोष्टींची साखळी इतकी सलग हवी, की आरोपी निरपराध असण्याची वाजवी शक्यता उरताच कामा नये. देशभरच्या न्यायालयांत आजही ही तत्त्वं सांगितली जातात. एका मुलीची पत्रं वाचताना तीन न्यायालयांचं एकमत होत नाही, याची धडधड कोणत्याही पाठलागात नाही.

यावर एक आक्षेप येणार, आणि तो खरा आहे. संशयाचा फायदा ज्याच्याकडे महागडा वकील असतो त्यालाच जास्त मिळतो, आणि साक्षीदार फितूर होतात ते बहुधा ताकदवानांच्या खटल्यांत. मेलेल्याच्या घरच्यांना तत्त्वज्ञान कोण सांगणार? १९७३ च्या बोबडे खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हाच इशारा दिला होता. निरपराधाला शिक्षा झाली तर अन्याय होतो, तसाच अपराधी सुटला तरी होतो, आणि ऊठसूट संशय काढत बसण्याला न्याय म्हणता येत नाही. हे मला पूर्ण मान्य आहे. पण त्याच निकालात 'असू शकेल' आणि 'असलाच पाहिजे' यांतलं अंतर मोठं आहे, असंही बजावलं आहे. ताकदवानाला सुटू द्यायचं नसेल तर तपास चोख हवा, साक्षीदाराला संरक्षण हवं, पंचनामा खरा हवा. २००३ च्या त्या खटल्यात आरोपींकडे पैसा नव्हता, ओळख नव्हती, आणि कच्चा पुरावा त्यांच्याविरुद्ध सोळा वर्षं पुरला. कच्च्या पुराव्यावर समाधान मानायची सवय लागली की त्याची किंमत गरिबाला मोजावी लागते.

'करमणूक आहे, एवढं काय मनावर घ्यायचं' असंही काहीजण म्हणतील. मी मनावर घेते, कारण या सवयीचे परिणाम मला रोजच्या जगण्यात दिसतात. एखाद्या आरोपीचं वकीलपत्र कोणीही घ्यायचं नाही, असे ठराव देशात ठिकठिकाणच्या वकील संघटनांनी केले आहेत. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्पष्ट सांगावं लागलं की असे ठराव घटनेच्या आणि वकिलीच्या धर्माच्या विरुद्ध आहेत. तरी लोक अशा ठरावांना डोक्यावर घेतात, कारण आरोपीचा वकील म्हणजे सत्यावर पडदा टाकणारा चलाख माणूस, हे आपण पुस्तकांतून शिकलो आहोत. गरिबांना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाने नेमून दिलेला, तुटपुंज्या मानधनावर काम करणारा, आरोपपत्राच्या प्रतींमधलं एक खोडलेलं पान शोधत रात्री बसलेला वकील आपल्या कल्पनेत नाही. देशातल्या तुरुंगांत चार माणसांपैकी साधारण तीन कच्चे कैदी आहेत, त्यांचा निकाल लागलेलाच नाही. नाशिकमध्ये कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ग्रंथपेटीची योजना सुरू झाली आणि ती तुरुंगांच्या दारापर्यंतही गेली. त्या पेटीतून एखादी खूनखटल्याची कादंबरी कच्च्या कैद्याच्या हाती पडली तर त्याला त्यात आपला खटला सापडेल का? तारखा सापडतील का? गार्ड उपलब्ध नाही म्हणून कोर्टात नेलंच नाही, असे दिवस सापडतील का?

प्रकाशक म्हणतील, खुनी न सांगता पुस्तक संपवलं तर वाचक चिडेल. चिडू दे. वाचक मूर्ख नाही. पुराव्याच्या आधारे त्याला शंकेपर्यंत नेलं आणि तिथेच न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवलं, तर तो त्या खुर्चीतून सहजी उठणार नाही. शेवटचं पान वाचून झाल्यावर दोन मित्र 'मी असतो तर शिक्षा दिली असती', 'मी दिली नसती' असं भांडतील. ते भांडण फार गरजेचं आहे, कारण उद्या त्यांच्यातलाच कोणीतरी पंच म्हणून सही करणार आहे किंवा साक्षीला उभा राहणार आहे.

यासाठी लेखकाला फार लांब जावं लागत नाही. जिल्हा न्यायालयांचे निकाल ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर सापडतात, त्यातले कितीतरी मराठीत असतात. न्यायालय खुलं असतं. काही नाजूक प्रकरणं सोडली तर मागच्या बाकावर कोणीही शांत बसून ऐकू शकतं. सीबीएस बसस्थानकाजवळच्या आपल्या जिल्हा न्यायालयात लेखकांनी जाऊन बसावं. कोर्टातल्या तारखा आणि साक्षीदार सांभाळणाऱ्या पोलिसांच्या पैरवी कर्मचाऱ्याला, मुद्देमाल कारकुनाला, सरकारी वकिलांच्या हाताखालच्या नवख्या पोरीला विचारावं. सिन्नरहून किंवा दिंडोरीहून सकाळच्या एसटीने साक्षीला आलेल्या बाईशेजारी बसावं. तिची त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते, दुपारपर्यंत पुकारा होत नाही, आणि संध्याकाळी तिच्या हातात पुढची तारीख पडते. तिने जे पाहिलं आणि पोलिसांनी तिच्या नावावर जो जबाब लिहिला, ते दोन्ही शेजारी ठेवून वाचणारं एखादं पात्र मराठी खूनखटल्याच्या कादंबरीत मला अजून भेटलेलं नाही.